बंदूक आहे, परवाना आहे, परवानगी नाही

सकाळचे सहा वाजलेत. सिंधुदुर्गातला हा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, काल संध्याकाळी आम्ही इथेच उभं राहून शूट केला होता, तेव्हा भात कमरेएवढं होतं, लोंब्या भरत आलेल्या. आता बघा. मधोमध सगळं झोपलंय, बांध उकरलाय आणि चिखलात खुरांवर खुरं. रानडुकरं रात्रीत येऊन गेली.

हे काका रात्रभर माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर होते. डबा वाजवला, बॅटरी मारली, फटाके लावले. डुकरं एका कोपऱ्यातून उठली नि दुसऱ्या कोपऱ्यात शिरली.

आता मांगरात, शेतावरच्या खोपटात चला. भिंतीवर ही ठासणीची बंदूक. नळीत आधी दारू, मग बोळा, तो गजाने ठासायचा, मग छरे, पुन्हा बोळा, घोड्याखाली केप. एक बार काढला की परत पहिल्यापासून भरायची. काकांचे हात बघा, न बघता चालतात. ही बंदूक चोरीची नाही, शस्त्र कायदा 1959 मध्येच लिहिलंय की पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, आणि काकांकडे तो आहे, हे पुस्तक त्याचंच.

पण हा परवाना बंदूक बाळगायचा. डुक्कर मारायची परवानगी वेगळी, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 9, शिकारीवर बंदी. जमीन तुमची, सातबारा तुमच्या नावावर, तरी बंदी आहेच. जीव वाचवायला जनावर मारावं लागलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण भात वाचवायला मारलं तर गुन्हा. त्यासाठी कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, कारणासकट. कायद्यात उभ्या पिकाचा उल्लेख स्पष्ट आहे, म्हणजे वाट आहे, नाही असं नाही.

महाराष्ट्रात 2015 च्या जुलैत सरकारने ही वाट जरा सोपी केली, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोघांपुरती. शेतकऱ्याने वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा आणि 24 तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. ऐकायला बरं वाटतं. पण हा कुणगा एका रात्रीत गेलाय, आणि अर्ज घेऊन ऑफिसला जायचं म्हणजे कापणीच्या दिवसांत एक दिवस मोडला, पोच मागून घेतली नाही तर 24 तास कुठून मोजणार? अर्ज करणाऱ्यांनो, पोच घ्याच. आणि परवानगीने मारलेलं डुक्कर सुद्धा सरकारची मालमत्ता, मटण घरी नेलं की वेगळी केस.

त्यात निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायला सांगतात. 2024 ची विधानसभा आठवा, आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, ऐन भात कापणीच्या तोंडावर.

हा बांधापलीकडे उभा आहे तो गवा. झूम नाही केलेलं, एवढाच जवळ आलाय. तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्यामुळे पिकासाठी त्याला हात लावता येत नाही, माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा तो बरा न होण्याइतका जखमी, आजारी असला तरच, आणि तेही थेट मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाने. तिकडे दोडामार्गात हत्तींचंही तेच.

अर्जाला कंटाळून काही जण कुंपणात लाईटचा करंट सोडतात, त्यात माणसंही मेलीत.

संध्याकाळ झाली. अर्जाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकांनी मांगराच्या वाशात खोचली, बंदूक भिंतीवर राहिली, डबा आणि बॅटरी घेऊन ते माळ्यावर चढलेत. आता मी बोलत नाही, पलीकडून आवाज येतोय तो ऐका.