तांबडा पट्टा

(कसारा घाट. कापलेला कडा, मग जवळून.)

नाशिकहून कसारा घाट उतरताना गाडी जरा सावकाश घ्या. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. नखाने खरवडला की लाल भुकटी बोटाला लागते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वर आला. पसरला, थिजला, काळा पाषाण झाला. मग उद्रेक थांबला. उघड्या पाषाणावर ऊन-पाऊस पडत राहिला. वरचा दगड कुजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली. यात हजारो वर्षं गेली. पुढचा लाव्हा आला तो या मातीवरूनच, तिला भाजून काढत. तीच भाजलेली माती म्हणजे हा तांबडा पट्टा. असं पुन्हा पुन्हा घडलं. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर हे सगळे याच थरांचे. आजूबाजूचा दगड झिजून वाहून गेला आणि उरले ते डोंगर झाले.

(गोदाघाट. फरशीवर टेप.)

टेपचं टोक म्हणजे आज, आणि एक सेंटिमीटर म्हणजे एक हजार वर्षं धरू. लाव्हा सुमारे ६५० मीटर मागे राहतो, म्हणजे घाटावरून चालत जावं एवढं अंतर. आपली माणसाची जात शेवटच्या तीन मीटरमध्ये. पांडवलेण्यांतली सर्वांत जुनी लेणी दोन सेंटिमीटरवर. सातवाहनांचे शिलालेख त्याच बोटभर जागेत. आणि डायनामाइटचे सुरुंग, पोकलेन, खडी क्रशर? सगळे मिळून शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये.

हे पाहून लोक म्हणतात, माणूस किती क्षुल्लक! आम्हाला उलट वाटतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढी दगडमाती वाहून नेतात, त्याहून जास्त आज माणूस हलवतो. हे त्या मिलिमीटरचं काम आहे. एवढी ताकद असलेल्याला लहान म्हणून सुटता येत नाही.

(त्र्यंबक परिसर. डोंगराच्या पायथ्याचा झरा.)

पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून मुरत खाली जातं. तांबड्या, चिकण थरापाशी ते अडतं, आडवं वाहतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. डोंगर फोडला की थर तुटतो, झरा आटतो.

खाणीचा परवाना देण्याआधी त्या डोंगरातल्या प्रत्येक झऱ्याची नोंद व्हावी, एवढी आमची मागणी आहे.