कुंडलचा कागद औंधात का शोधायचा?

नमस्कार मंडळी! समजा, तुम्हाला कुंडलचा 1930 च्या आसपासचा इतिहास लिहायचाय. कुंडल आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. मग निघालात सांगलीला? जरा थांबा. तेव्हा कुंडल होतं औंध संस्थानात, आणि औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. शेजारचं तासगाव मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच! 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' झाला, त्याचं नाव 1960 मध्ये सांगली केलं.

म्हणून कुठलंही दफ्तर, म्हणजे जुन्या कारभाराच्या कागदांचा साठा, उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारा: त्या साली या गावचा शेतसारा कोण वसूल करायचं? ज्यानं सारा घेतला, त्याच्या दफ्तरापासून सुरुवात करायची.

साताऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. छत्रपतींचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, सातारा महाराजांचं दफ्तर आज पुण्याच्या पुरालेखागारात आहे. इतिहास संशोधक द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रहही 1939 मध्ये डेक्कन कॉलेजात गेला. सातारकरानं साताऱ्याचे कागद बघायला पुण्याची एसटी धरायची, काय करता!

पण सगळंच काही पुण्याला गेलेलं नाही. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं, सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, तलाठ्याकडचे फेरफार गावातच असतात. जन्म-मृत्यूची नोंद पूर्वी गाव नमुना चौदात व्हायची. त्यातल्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तो यामुळेच.

माझं आवडतं मात्र शाळेचं जनरल रजिस्टर. नाव-जात-जन्मतारीख सगळेच बघतात. तुम्ही शेवटाकडं जा, 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना बघा. माणदेशातल्या शाळेत दुष्काळी सालं काढा आणि तो रकाना सलग वाचत जा. पोरं कुठं पांगली, ते तिथं कळू शकतं.

आता मागायचं कसं? 'इतिहासाचं काही आहे का?' असं विचारलंत की कारकून 'नाही' म्हणणार. त्याचं चुकत नाही, त्याच्या लेखी ते जुनं रेकॉर्ड आहे. अर्जावर गाव, साल आणि रजिस्टरचं नाव लिहा. रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापड, सोडलात की कागदांचा क्रम मोडू नका. बिनतारखेच्या कागदाची तारीख पुष्कळदा शेजारच्या कागदावरून लागते.

आणि देवस्थानाच्या किंवा वतनदाराच्या कागदावर 'इहिदे सबैन मया व अलफ' असं काही दिसलं, तर घाबरू नका. ही अरबी शब्दांत लिहिलेली संख्या आहे. एक, सत्तर, शंभर, हजार: सुहूर सन 1171. सुहूर ही जुन्या कागदांतली वर्षं मोजायची पद्धत. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर 599 मिळवा, म्हणजे 1770. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर 600, म्हणजे 1771. दोन्हींतलं कुठलं, ते महिन्यावरून ठरेल. तारखेआधी 'छ' असेल तर महिना मुसलमानी, तेव्हा जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ दाखवणारं पुस्तक, जवळ ठेवा.