पाहिलं म्हणून ठाऊक

श्रोतेहो, नमस्कार. गणपती अथर्वशीर्ष आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. त्याच्या शेवटाकडे येतं, 'य एवं वेद'. इथला 'वेद' म्हणजे ग्रंथ नव्हे. ते क्रियापद आहे: 'जाणतो'. याच क्रियापदाचं एक भावंड उत्तर युरोपात वाढलं. आज त्याच्याविषयी.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सख्ख्या बहिणी. त्यांची आई आदि-जर्मानिक. तिच्यातला एकही ग्रंथ आपल्या हाती नाही. लेकींचे शब्द शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी आईचे शब्द जुळवले. अशा शब्दाआधी छोटी चांदणी काढतात, म्हणजे तो लिहिलेला सापडलेला नाही हे कळावं. 'वितनं', म्हणजे जाणणं, हा त्यातलाच. संस्कृतात जिथे 'द', तिथे जर्मानिकमध्ये 'त'. १८२२ मध्ये जर्मन भाषाभ्यासक याकोप ग्रिम यांनी हे नियमात बसवलं. म्हणून 'वेद'मागचा आपला 'विद्' हा धातू तिथे 'वित्' झाला.

चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपांनी गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत बायबल आणलं. त्या भाषेत 'मी जाणतो' म्हणजे 'वाइत'. आजचा जर्मन माणूस म्हणतो 'इश वाइस', स्वीडिश म्हणतो 'याग वेत'.

मला सर्वांत मोह पडतो तो पुढच्या गोष्टीचा. जर्मनमध्ये 'तो येतो' म्हणताना क्रियापदाला शेवटी 'त' लागतो: 'एर कोम्त'. पण 'तो जाणतो' म्हणताना मात्र 'एर वाइस', अगदी 'मी'सारखंच. वर्गात हा अपवाद म्हणून पाठ करून घेतात. आता संस्कृत ऐका: अहं वेद, सः वेद. तिथेही दोन्ही रूपं एकच! कारण हे रूप मुळात वर्तमानकाळाचं नाहीच. धातूचा जुना अर्थ 'पाहणं'. 'मी पाहिलेलं आहे', म्हणून 'मला ठाऊक आहे'. आपण मान डोलावत 'कळलं' म्हणतो ना, तसंच: रूप झालेल्याचं, अर्थ आत्ताचा. हजारो वर्षं आणि हजारो मैल मध्ये असूनही दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांनी ही खूण पुसली नाही.

लॅटिनने पाहण्याचा अर्थच धरून ठेवला. व्हिडिओ आणि व्हिसा तिथले. इंग्रजीत मात्र हे क्रियापद बोलण्यातून गेलं, उरले त्याचे नातलग. त्यातला एक 'विटनेस', ज्याला ठाऊक आहे तो. त्याला आपण साक्षीदार म्हणतो, आणि 'साक्षी'मध्ये आहे 'अक्षि', म्हणजे डोळा.