फडावर वाढणारी मुलं

(पहाट. कोप्यांची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांची रांग, तीन दगडांच्या चुली.)

पहाटेचे चार. कृष्णाकाठच्या एका शिवारात कोप्यांमधून धूर निघायला लागलाय. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडची, धारूर, वडवणी, पाटोद्याची हजारो घरं ऊसतोडीसाठी बिऱ्हाड गाडीत टाकून इकडे येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर आणणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, मुलं त्या हिशेबात कुठेच नाहीत. तरी ती येतात, भांडी आणि ज्वारीच्या पोत्यांमध्ये बसून. पुढचे पाच-सहा महिने ती इथंच वाढणार आहेत.

(साडीची झोळी. बाळ खाली उतरवलं जातं.)

हे बाळ दहा महिन्यांचं आहे. आई-बाप फडात, म्हणजे तोडणीच्या उसात गेलेत, बाळ ताईकडे. ताईचं वय नऊ.

बाळाच्या उजव्या हाताकडे बघा. समोर पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानाचं, एक बारीक कुसळ पडलंय. तीन-चार महिन्यांपूर्वी त्यानं त्यावर अख्खा पंजा मारला असता आणि हाती काहीच लागलं नसतं. आज अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ येतात, चिमूट होते, कुसळ उचललं जातं. आणि लगेच तोंडात! ताई झेपावते, तोंडात बोट घालून ते बाहेर काढते. बाळ पुन्हा खाली बघतं, दुसरं शोधतं. त्याच्या लेखी हे संशोधन आहे. वस्तू उचलायची, चाखायची, आपटायची, फेकायची, आणि ती कुठं गेली ते वळून पाहायचं. नजरेआड गेलेली वस्तू अजून कुठंतरी आहे, हे त्याला आता कळायला लागलंय. म्हणूनच पहाटे आई निघाली की ते रडतं. चार महिन्यांचं होतं तेव्हा इतकं रडत नव्हतं.

जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिल्या एका वर्षात तो जवळजवळ १२ सेंटिमीटरनं वाढतो. आयुष्यात पुन्हा कधीच डोकं इतक्या वेगानं वाढत नाही. मेंदू वाढतोय म्हणून कवटी वाढते, आणि तिला जागा मिळावी म्हणून टाळू दीड वर्षापर्यंत मऊ राहते. वजन पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हायला हवं.

त्यासाठी सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाच्या जोडीला घट्ट, तेल-तूप घातलेलं, दिवसातून तीन-चार वेळा भरवलेलं अन्न लागतं. या वाटीत काय आहे ते दिसतंय: चहात कुस्करलेली भाकरी. पोट भरतं, पण चहामुळे भाकरीतलं लोहसुद्धा अंगाला नीट लागत नाही. आईला हे कळत नाही असं कुणी म्हणू नये. वरण शिजवून, मऊ करून, घास घास भरवायला जो वेळ लागतो तो तिच्याकडे नाही.

आणि अन्नाइतकीच गरज असते बोलण्याची. बाळ "बा" म्हणतं, समोरचं माणूस "बा" म्हणतं, बाळ हसतं आणि पुन्हा म्हणतं. या दे-घेवीवर भाषा उभी राहते. इथं बाळाला उत्तर देणारं माणूस नऊ वर्षांचं आहे. ती देतेय, बघा. गाल फुगवते, टाळ्या वाजवते. तिच्याकडून जेवढं होतंय तेवढं ती मनापासून करतेय.

(फड. तोडणी सुरू. बांधावर अडीच वर्षांचा मुलगा.)

ऊसतोड जवळून पाहिली नसेल तर आधी आईकडे बघा. वाकून बुडख्यालगत घाव, ऊस वर, कोयत्याच्या पाठीनं पाचट साफ, शेंड्याला एक फटका. तोडलेले ऊस एका रेषेत, मग वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन त्याची दोरी, आणि मोळी घट्ट. एका दमात, न थांबता. दुपारनंतर याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ट्रक रात्री आला तर रात्री.

आता बांधावरचा हा मुलगा. त्याच्या हातात काटकी आहे, समोर चार-पाच वाढी. तो वाकतो. खाली मारतो. हात फिरवून सोलल्यासारखं करतो. शेंड्याला फटका. मग वाढं घेऊन पीळ द्यायला बघतो, ते सुटतं, तो पुन्हा घेतो. "आई, मोई बांद!"

कुणीही शिकवलेलं नाही, आणि कामांचा क्रम एकदाही चुकलेला नाही. काटकीला कोयता मानायचं म्हणजे समोर नसलेली वस्तू मनात धरून ठेवायची. दोनाच्या आसपास मुलं दोन शब्द जोडतात, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं येतात, आणि त्याच सुमारास हा लुटुपुटूचा खेळ बहरतो. अंगणवाडीत भातुकली आणि ठोकळे ठेवतात ते यासाठीच. याचं डोकं कुठल्याही शहरातल्या प्ले-ग्रुपमधल्या मुलाइतकंच तल्लख आहे. फरक इतकाच की याच्या खेळात आजवर एकच काम आलंय, कारण दिवसभर त्याला दुसरं काही दिसतच नाही.

(मोळ्यांच्या ढिगाजवळ सात-आठ वर्षांची मुलं.)

ही मोठी मुलं मोळ्या मोजतायत, पाच-पाचाचे गठ्ठे करून. आकडेमोड चोख आहे. शाळेचं नाव गावच्या हजेरीपटावर, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड ट्रंकेत, आणि इथली शाळा डांबरी रस्त्यापलीकडे. काही जातात, बरीचशी जात नाहीत.

(हंडा घेऊन येणारी मुलगी, कडेवर भाऊ.)

ही बारा वर्षांची. मुलींची उंची दहा-अकराव्या वर्षापासून झपाट्यानं वाढू लागते. पाळी आली की हा वेग ओसरतो, त्यानंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढायची राहतात. म्हणजे हाडं भरायची, रक्त भरायचं ते याच दोन-तीन वर्षांत. शाळेत लोहाची गोळी आठवड्याला मिळते. शाळा सुटली की गोळीही सुटते. हंड्याचं ओझं, कडेवरचं ओझं आणि घरातलं शेवटचं जेवण, हे सगळं नेमकं याच वर्षांत तिच्या वाट्याला येतं. हिच्या मनात काय काय चाललंय ते ती कॅमेऱ्यासमोर बोलली नाही. बोलायला लावणं आम्हाला योग्य वाटलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीला कोपीत एकटी ठेवायची भीती, म्हणून लग्न. लग्न झालं की नवा कोयता.

(दुपार. गावातली अंगणवाडी, वजनकाटा.)

जवळच्या गावातली अंगणवाडी सेविका आज कोप्यांवर आली आणि बाळाचं वजन झालं. चांगलं झालं. पण अंगणवाडी भरते सकाळी उशिरा आणि सुटते दुपारी. फडाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो.

२०२५ पर्यंत लागू असलेला कारखाना अधिनियम, १९४८ सांगायचा की तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं पाळणाघर हवं. ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, तिला मुकादम आणतो. त्यामुळे तिचा ऊस कारखान्यात जातो आणि तिचं बाळ फडात राहतं.

ऊसतोड कामगारांसाठी शासनानं कल्याणकारी महामंडळ काढलंय, त्यासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी भरावेत असा निर्णयही झालाय. मोठ्या मुलांसाठी वसतिगृहं सुरू झाली, ती वाढायलाच हवीत. पण वसतिगृहात दहा महिन्यांचं बाळ राहत नाही. त्याच पैशांतून तोडणी मजुरांच्या प्रत्येक टोळीमागे एक पाळणाघर चालवा: टोळीतलीच एक बाई, तिला एका कोयत्याइतकी मजुरी, एक वजनकाटा, वरणभात शिजवायला एक शेगडी. पहाटे चारला सुरू होणारं आणि शेवटचा ट्रक भरून होईपर्यंत चालणारं. म्हणजे नऊ वर्षांच्या ताईला शाळेत जाता येईल.