कमोडची सीट का हलते?

विषय ऐकून ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, कारण पुढचा सगळा वेळ मी अगदी गंभीरपणे कमोडच्या सीटबद्दल बोलणार आहे. खरं तर सीटबद्दलही नाही, तिच्या मागच्या दोन बिजागऱ्यांबद्दल. बसायच्या भागाला मी ‘कडं’ म्हणेन, वरच्या भागाला झाकण आणि खालच्या चिनी मातीच्या वस्तूला भांडं. म्हणजे घोटाळा नको.

अनुभव सगळ्यांचा आहे. बसलात, थोडं एका बाजूला झुकलात, की कडं खालून सरकतं. मग कोणीतरी गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, भांड्याच्या मागे हात घालून नट आवळतं. काही दिवस बरं जातं आणि पुन्हा तेच. घरात याचं खापर साधारणपणे नट आवळणाऱ्यावर फुटतं. माझं म्हणणं असं, की बिचाऱ्याचा काही दोष नाही. तो रचनेची चूक पान्याने दुरुस्त करायला बसलेला असतो.

भांड्यापासून सुरुवात करू. भांडं साच्यात ओतून करतात, वाळवतात आणि मग भट्टीत भाजतात. वाळताना आणि भाजताना ते आक्रसतं, सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या वर. सगळीकडे सारखं आक्रसलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण तसं होत नाही. त्यामुळे बिजागरीसाठी ठेवलेली दोन भोकं ठरल्या जागी मिलिमीटरच्या हिशोबाने येतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. अमेरिकेत दोन भोकांमधलं अंतर साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४० मिमी, असं ठरून गेलेलं आहे. युरोपात ते बरेचदा १५५ मिमीच्या आसपास असतं. पण ते झालं कागदावर. प्रत्यक्षात भांडी बनवणारा भोकंच मोठी ठेवतो आणि सीट बनवणारा बोल्टला इकडे-तिकडे सरकायला वाव ठेवतो. दोघंही आपापल्या जागी शहाणपणाने वागतात. त्यातून मिळतो एक बारीक बोल्ट, मोठ्या भोकात सैल उभा. त्याला जागेवर धरून ठेवतं ते फक्त घर्षण: वॉशर आणि चिनी माती यांच्यातलं, तेही चकचकीत काचेसारख्या पृष्ठभागावर.

आता थोडा हिशोब करू, कारण खरी गंमत त्यातच आहे. बिजागऱ्यांपासून कड्याचं पुढचं टोक साधारण ४३० मिमी लांब असतं आणि दोन बोल्टमधलं अंतर धरा १५० मिमी. डावा बोल्ट आपल्या भोकात फक्त १ मिमी पुढे सरकला आणि उजवा १ मिमी मागे गेला, तर पुढचं टोक जवळजवळ ६ मिमी बाजूला जातं. वरून पाहणाऱ्याला बिजागरीत काही बिघडलंय असं दिसतच नाही आणि बसणाऱ्याला मात्र स्पष्ट जाणवतं. बळाचा हिशोब याच्या उलट बाजूने करा. पुढच्या टोकाला १० किलोचा आडवा रेटा दिला, आणि बाजूला कलून हात मागे नेताना माणूस एवढा रेटा सहज देतो, तर प्रत्येक बोल्टला मागे-पुढे ओढणारं बळ होतं २९ किलोच्या आसपास. जवळपास तिप्पट. चाकाच्या खुर्चीवरून बाजूने सरकत कमोडवर येणारा माणूस याहून कितीतरी जास्त रेटा देतो, आणि नेमकं त्यालाच हललेलं कडं सर्वात महागात पडतं.

बरं, नट घट्ट आवळला तर? चिनी माती दाब सोसते, पण एका ठिकाणी ताण एकवटला की तडकते. म्हणून मध्ये रबर किंवा प्लास्टिकचं वॉशर घालतात. आणि हे वॉशर सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं. त्याला आपण ‘क्रीप’ म्हणतो. वस्तू तुटत नाही, झिजत नाही, नुसती मुकाट्याने पातळ होते. वॉशर केसभर पातळ झालं तरी बोल्टमधला ताण उतरतो, ताण उतरला की घर्षण गेलं, घर्षण गेलं की सीट चालू लागली. पुष्कळ सीटमध्ये बोल्ट आणि नटही प्लास्टिकचेच असतात, म्हणजे दबणारं वॉशर आणि वर लांबणारा बोल्ट. गंज नको म्हणून हे केलेलं असतं, हेतू चांगलाच आहे. पण पकड टिकवायची जबाबदारी अशा सामानावर टाकणं मला पटत नाही.

माझा मूळ मुद्दा आता सांगतो. या एवढ्याशा बिजागरीकडून आपण चार कामं करून घेतो: कडं फिरवायचं, ते बाजूला सरकू द्यायचं नाही, सीट भांड्याला धरून ठेवायची, आणि अलीकडे पडतं कडं सावकाश खाली आणायचं. दाराची बिजागरी पाहा. बंद दाराला कोणी आडवं ढकललं तर ते बळ चौकट घेते, बिजागरी नाही. कमोडच्या कड्याला चौकटच नाही.

तर चौकट द्या! कड्याच्या खालच्या बाजूला रबराचे छोटे ठोकळे असतात, बहुतेक वेळा चार, ज्यांच्यावर कडं टेकतं. त्यातल्या पुढच्या दोघांना खाली एक छोटा ओठ काढायचा, जो भांड्याच्या आतल्या कडेला अलगद टेकेल. झालं. आता आडवा रेटा पुढच्या पुढेच भांड्यात जातो, तिप्पट होऊन बोल्टपर्यंत पोचतच नाही. असे ठोकळे नवे नाहीत. काही सीटना ते येतात, सुटेही मिळतात. अडचण एवढीच, की प्रत्येक भांड्याच्या आतल्या तोंडाचा आकार वेगळा आणि सीट विकणाऱ्याला हवी असते सगळ्यांना बसणारी एकच सीट. म्हणून ओठ सरकवता आला पाहिजे: खाचेत बसवलेला, एकदा जुळवून स्क्रूने पक्का केलेला. शिवाय तो गुळगुळीत आणि उतरता हवा, कारण ती जागा शिंतोडे उडण्याची आहे आणि तिथे घाण अडकली तर आपण एक रोग काढून दुसरा लावला असं होईल.

ठोकळ्यांच्या उंचीचंही तितकंच. मागचे ठोकळे कमी उंचीचे पडले तर वजन त्यांच्याऐवजी बिजागरीवर येतं. फार उंच पडले तर बिजागरीच्या खिळीला कायम वरचा ओढा बसतो. कडं खाली असताना बिजागरीवर उभं वजन शून्य असलं पाहिजे, म्हणून खिळीच्या भोकाला उभ्या दिशेने थोडी मोकळीक हवी. उभी मोकळीक, आडवी घट्ट. सीटची रचना करणारा नवीन माणूस चित्र काढताना गोल भोक काढून मोकळा होतो.

पकडीचं काम बोल्टकडेच राहील, पण त्याला भोकाच्या मधोमध बसवणारा शंकूच्या आकाराचा रबरी बूच दिला की निम्मं काम होतं. वरून पेचकसाने फिरवल्यावर भोकात फुगणारे रबरी बूचही असतात. ज्या भांड्यांना खालून हात घालायला जागाच नसते तिथे तेच वापरतात. मला ते आवडतात, कारण ते भोकाची भिंत पकडतात, नुसत्या वरच्या चकचकीत पृष्ठभागावर भिस्त ठेवत नाहीत.

साफसफाईबद्दल बोलायलाच हवं, कारण सीट बदलली जाते ती अनेकदा मोडली म्हणून नव्हे, मागची फट स्वच्छ होत नाही म्हणून. बिजागरीचं बूड आणि भांडं यांच्यामधल्या फटीत लघवी झिरपते, सुकते, तिचे क्षार जमतात, मग पिवळी रेघ आणि वास. त्यावर ब्लीच किंवा आम्ल ओतलं, की क्रोमचा मुलामा दिलेली जस्ताची बिजागरी फोड आल्यासारखी उलायला लागते. एक बटण दाबून पूर्ण सीट उचलून घेता येण्याची सोय यावरचा सर्वात चांगला उपाय आहे. मात्र प्रत्येक जोड म्हणजे सैलपणाची आणखी एक जागा. सरळ खुंटीवर सरळ नळी बसवली तर ती खुळखुळणारच. खुंटी किंचित निमुळती ठेवली तर सीट स्वतःच्या वजनाने घट्ट बसते. एवढा फरक, पण तो करायला साचा बनवणाऱ्याशी भांडावं लागतं.

आता पडण्याचं. उभं केलेलं कडं सुटलं तर त्याचं पुढचं टोक किती वेगाने आदळतं? घर्षण सोडून दिलं आणि कड्याला एकसारखी पट्टी मानलं तर सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास. हा वेग वजनावर अवलंबून नाही, हलकं कडंही तेवढ्याच वेगाने येतं. धक्का मात्र वजनाप्रमाणे वाढतो. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या २००२ ते २०१० या काळातल्या आपत्कालीन नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा पडत्या सीटखाली सापडून जननेंद्रियाला इजा झालेल्यांत बहुतेक लहान मुलगेच होते, नुकते उभ्याने लघवी करायला शिकलेले. त्यांची उंची आणि भांड्याच्या काठाची उंची नेमकी जुळते. ‘सॉफ्ट क्लोज’, म्हणजे सीट आपटू न देता सावकाश मिटवणारी बिजागरी, ही चैनीची सोय आहे असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच ऐकवतो.

सॉफ्ट क्लोजमध्ये बिजागरीच्या आत एक बंद नळकांडं असतं, त्यात घट्ट सिलिकॉन तेल आणि एक पाकळी. पाकळी फिरते तेव्हा तेलाला अरुंद फटीतून जावं लागतं. उघडताना झडप मोकळी, मिटताना बंद. सिलिकॉनच का? कारण थंडी-उन्हात त्याचा घट्टपणा इतर तेलांच्या मानाने कमी बदलतो. कमी बदलतो, अजिबात नाही असं नव्हे, म्हणून गारठ्यात सीट जास्तच आळशी होते. यातली एक गोष्ट मला खटकते. बहुतेक सीटमध्ये एका बाजूचं नळकांडं कड्यासाठी आणि दुसऱ्या बाजूचं झाकणासाठी असतं. म्हणजे मिटताना कडं एकाच कोपऱ्यातून रोखलं जातं आणि दरवेळी थोडं पिळलं जातं. जाड थर्मोसेट, म्हणजे एकदा कडक झालं की पुन्हा न वितळणाऱ्या, प्लास्टिकच्या कड्याला त्याचं काही वाटत नाही. पॉलिप्रॉपिलीन या लवचीक प्लास्टिकचं पातळ कडं मात्र काही काळाने वाकडं टेकायला लागतं, ठोकळ्यांवर वजन असमान पडतं, आणि आपण परत हलणाऱ्या सीटपाशी येतो.

दुसरं म्हणजे पाहुणे. सॉफ्ट क्लोज आहे हे ज्याला माहीत नाही तो माणूस सवयीने झाकण दाबून मिटवतो आणि आतली पाकळी मोडते. वापरणाऱ्याला सूचना चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. जास्त जोर आला की तेलाला वाट देणारी झडप आत हवी. असा जोर येणारच, हे धरून चालायचं.

झाकणाबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी हिरव्या लेझरच्या प्रकाशात फ्लशचे तुषार टिपले. झाकण नसलेल्या सार्वजनिक प्रकारच्या कमोडमधून ते सेकंदाला दोन मीटर वेगाने वर उसळत होते आणि आठ सेकंदांत दीड मीटरपर्यंत पोचत होते. लगेच सगळे म्हणाले, झाकण लावा. मग २०२४ मध्ये अॅरिझोनातल्या एका अभ्यासात असं दिसलं, की झाकण लावल्याने आसपासच्या पृष्ठभागांवरच्या विषाणूंच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. ठोकळ्यांमुळे कड्याखाली आणि कड्यावर फटी राहतात, हे आठवलं तर यात नवल वाटू नये. म्हणून आता झाकणाला रबराची कडा लावून हवाबंद करायच्या कल्पना येतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. ओलं राहणारं, घासायला आणखी एक खाच वाढवणारं झाकण कोणाला हवंय?

सीट वर ठेवावी की खाली, या वादात मी पडणार नाही. त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी गणितं मांडून निबंध लिहिलेत, ते घरी वाचा आणि घरीच भांडा. आपल्या कामाचा भाग एवढाच, की वर केलेलं कडं उभ्या रेषेच्या थोडं मागे झुकून थांबलं पाहिजे. मागची टाकी आड येऊन ते नव्वद अंशांच्या अलीकडेच अडकत असेल तर सॉफ्ट क्लोजही ते वर धरू शकत नाही, फक्त सावकाश पाडतं.

चाचणीबद्दल बोलून थांबतो. यंत्रावर झाकणाची उघडझाप हजारो वेळा करून पाहणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात. तुम्ही कडं बसवा, वर माणसाएवढं वजन ठेवा, पुढच्या टोकाला डावीकडे-उजवीकडे रेटा द्या, मध्येमध्ये गरम पाणी आणि ब्लीच ओता, आणि टोक किती मिलिमीटर सरकलं याचा आलेख काढा. माझ्या मते सीटचा दर्जा त्या आलेखात दिसतो.

जाता जाता, समोरून चिठ्ठी आली आहे: घरची सीट हलते, नवी घ्यायची नाही, काय करू? सीट काढा. भोकाभोवतीची जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, कारण ओल्या चिनी मातीवर काहीच पकडत नाही. चपटं वॉशर टाकून शंकूचं रबरी वॉशर घ्या, निमुळतं टोक भोकात जाईल असं. कडं आणि भांड्याचा काठ जुळवून धरा, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, आधी हाताने, शेवटचा जरासा फेरा पान्याने. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा, तोपर्यंत रबर दबलेलं असतं.