तिसरा चेहरा

पॅरिसमधलं जॉर्ज पाँपिदू रुग्णालय, २०१७ चा डिसेंबर. या खाटेवरच्या माणसाला चेहरा नाही. शब्दशः नाही. पापण्या नाहीत, कान नाहीत, कातडी नाही. बोलता येत नाही, खाता येत नाही, ऐकू जेमतेम येतं. मान किंचित वळवायची, चार अक्षरं लिहून दाखवायची, एवढाच त्याचा जगाशी व्यवहार. नाव जेरोम आमों.

दुखणं जन्माचं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, टाइप १. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एक प्रथिन सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकातून तयार होतं. त्या जनुकातच खोट, म्हणून अंगावर गाठी वाढत जातात. साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला हा आजार होतो आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून आईला बोल लावणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

पहिली खूण म्हणजे दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग. लासं आहे म्हणून आपण सोडून देतो. एखाददुसरं लासं कुणालाही असतं. सहा किंवा जास्त दिसली की डॉक्टर सावध होतात.

आता ही गाठ बघा. गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुपारीसारखं काहीतरी येतं, कापलं की सुटं होणारं. ही तशी नाही. ही मज्जातंतूच्या आवरणातून वाढते, त्याच्या फांद्याफांद्यांनी पसरते. शेतातली हरळी ज्याने उपटली आहे त्याला हे लगेच कळेल: वरून साफ केलं तरी पेरं आत राहतं आणि पुन्हा फुटतं. चेहऱ्यावर अडचण आणखी मोठी. कानाखालून निघणारी एक नस, म्हणजे मज्जातंतूच, पाच फांद्यांनी चेहऱ्यावर पसरते; पापणी मिटणं, ओठ हलणं, हसणं, सगळं तिच्या जिवावर. गाठ तिच्या आसपास गुंतलेली, शिवाय रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली. म्हणून काही वेळा शस्त्रक्रियेआधीच नळी घालून या वाहिन्या बंद करतात. मग जमेल तेवढी गाठ काढायची, लोंबणारी कातडी ताणून शिवायची. काही वर्षांनी पुन्हा तेच.

लोराँ लान्तिएरी या शल्यविशारदाने वेगळा हिशेब मांडला. गाठ चेहऱ्यातून निघत नसेल, तर चेहराच बदलायचा. दात्याच्या पेशींत हा दोष नसतो, त्यामुळे नव्या चेहऱ्यात ती हरळी उगवायची नाही. २००७ मध्ये क्रेतेयच्या आँरी माँदोर रुग्णालयात त्यांनी याच आजाराच्या पास्काल कोलेर यांच्यावर हा प्रयोग केला. २०१० मध्ये आमों यांना पापण्या आणि अश्रूनलिकांसह संपूर्ण चेहरा मिळाला.

पण उसना चेहरा शरीर आपला मानत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर. पुढे साध्या सर्दीसाठी घेतलेलं एक प्रतिजैविक त्या औषधांशी जुळलं नाही. चेहरा हळूहळू नाकारला जाऊ लागला, काळा पडत गेला, आणि नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस काढून टाकावा लागला.

म्हणून ती खाट. जानेवारी २०१८ मध्ये दाता मिळाला, वय २२. एकाच माणसावर दुसऱ्यांदा चेहऱ्याचं रोपण जगात तोवर कुणी केलं नव्हतं. आधी तीन महिने रक्तातली, परक्या चेहऱ्यावर चालून जाणारी प्रतिपिंडं कमी करत आणावी लागली होती.

एप्रिलमध्ये आमों लोकांसमोर आले. चेहरा गुळगुळीत, जवळजवळ निश्चल, कवटीच्या ठेवणीशी अजून पुरता न जुळलेला. आपण ४३ चे, दाता २२ चा, म्हणजे आपण पुन्हा विशीत आलो, असं ते गमतीने म्हणाले.

२०२० पासून अमेरिकेत दोन वर्षांवरच्या मुलांना सेल्युमेटिनिब नावाचं औषध देता येऊ लागलं. शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या अशा गाठी त्याने अनेकांत आक्रसतात. पुसल्या जात नाहीत. आमों यांच्या गोळ्या वेगळ्या. त्या गाठीसाठी नाहीत, दुसऱ्याचा चेहरा टिकावा म्हणून आहेत.