नदीवर कोण होतं?

(दृश्य : साखर पेठेतली एक खोली, रविवारची दुपार. जमिनीवर अंथरलेली चादर, तिच्यावर घरंगळणारा फासा.)

फासा वीस बाजूंचा आहे. नुसत्या फरशीवर टाकला की थेट कपाटाखाली जातो, म्हणून आम्ही चादर अंथरतो. सोलापुरात चादर शोधावी लागत नाही. तिच्यावरच्या मोराभोवती दर रविवारी सहा जण बसतात, पाच खेळाडू आणि खेळ चालवणारा मी. मधे कडक भाकरी, शेंगाचटणी, पेन्सिली, कागद.

या खेळाला टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणतात. मी प्रसंग सांगतो. समोर किल्ल्याचा दरवाजा आहे, आत दिवा जळतोय. मग विचारतो, "काय करताय?" सगळा खेळ या दोन शब्दांत आहे. खेळाडू म्हणतील ते करून बघायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो.

पण गोष्ट मी घरूनच पुरी रचून आणली असेल, तर हा प्रश्न खरा असतो का?

पहिल्या वर्षी माझा प्रश्न खरा नव्हता. किल्लेदाराला सोडवायचं, मग भुयार, शेवटी फितूर प्रधान, असं सगळं वहीत लिहिलेलं होतं. एका रविवारी वाट फुटली. डावीकडे जंगल, उजवीकडे नदी. पोरांनी अर्धा तास वाद घातला, कागदावर नकाशा काढला. "नदीकडं नको बे, पाणी चढलंय," असं एकानं दुसऱ्याला पटवलं. जंगल ठरलं. जंगलात राक्षस भेटला, लढाई रंगली. नंतर भाकरी मोडता मोडता आठवीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, नदीनं गेलो असतो तर कोण भेटलं असतं?"

नदीवरही तोच राक्षस होता. मी गप्प राहिलो आणि त्याला कळलं. पुढच्या रविवारी मी "काय करताय?" विचारलं तर तो म्हणाला, "तुम्हीच सांगा दादा, कुठं जायचंय ते." आवाजात राग नव्हता. फळ्यावरचं उतरवून घ्यायला बसावं तसा तो बसला होता. ते बसणं मला अजून लागतं.

(दृश्य : जॅकार्डचा माग, जवळून.)

आधी रचलेली वीण कशी असते ते बघायचं तर जॅकार्डच्या मागाजवळ उभं राहावं. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा सरकतो, ओळीवर ओळ चढते आणि मोर उमटतो. दोरा तुटला तर माग थांबवून गाठ मारतात, पण मोराचा हंस होत नाही. चादरीला हेच हवं. खेळाला हे लावलं की समोर बसलेली माणसं दोरे होतात.

आणि या खेळाचा जन्मच मुळी बेत मोडण्यातून झालाय. 1969 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेस्लीनं नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक गाव, त्याच्यावर चालून येणारं सैन्य. गावातल्या बड्या माणसांच्या भूमिकाही त्यानं खेळाडूंना वाटून दिल्या. झालं! लढाई राहिली बाजूला, जो तो आपापली कारस्थानं करायला लागला. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, आणि द्वंद्वाचे नियमच नव्हते. ते वेस्लीला जागच्या जागी करावे लागले. त्याला वाटलं, डाव फसला. खेळाडूंना मात्र तो पुन्हा खेळायचा होता. त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नेसननं पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा याच प्रकारचा खेळ आणला.

दहाच वर्षांत त्याच खेळासाठी 'ड्रॅगनलान्स'ची साहसं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी आधीच लिहून छापलेल्या गोष्टी, निघाली. एक मोठी सलग कथा, तयार नायक. पुढे लागणारा खलनायक मेलाच तर त्याचं मरण संदिग्ध ठेवा, अशी सूचनासुद्धा. पुष्कळांना हे मनापासून आवडलं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

(दृश्य : संक्रांत, नंदीध्वजांची मिरवणूक.)

ठरलेल्या वाटेची ओढ सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची वाट पिढ्यान्‌पिढ्या तीच. तरी रस्त्याच्या कडेला उभं राहायला जागा मिळत नाही. ती उंच काठी पेलणाऱ्याचा तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो, दर पावलाला. आणि वाट ठरलेली आहे हे इथं कुणापासून लपवलेलं नसतं. माझा राक्षस लपवलेला होता.

म्हणून आता एकच गोष्ट खेळायची असेल तर मी आधी विचारतो, "या वेळी किल्ल्याचीच मोहीम, चालेल?" सगळे हो म्हणाले तरच. शेवट लिहीत नाही, माणसं लिहितो. किल्लेदाराला काय हवंय, प्रधान कुणाला भितो, कुणी काहीच केलं नाही तर अमावस्येला काय होईल. जंगलात कोण आणि नदीवर कोण हे आधी लिहितो, आणि एकदा लिहिलं की हलवत नाही. पोरं तिकडं फिरकलीच नाहीत तर ती पानं तशीच राहतात. जीव हळहळतो, पण राहू देतो.

(दृश्य : पुन्हा ती खोली. संध्याकाळ.)

गेल्या रविवारी त्यांना एक म्हातारी भेटली. ती फक्त वाट सांगण्यापुरती होती. तिची म्हैस हरवलीय, असं मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो. तो मुलगा आता नववीत आहे. तो पुढे सरकला. "कुठल्या बाजूला गेली?"

"किल्लेदार मरंल बे तिकडं!" बाकीचे ओरडले.

"अमावस्येला चार दिवस हायत अजून."

पुन्हा वाद, पुन्हा नकाशा. शेवटी त्यानं चादरीवर फासा टाकला. सतरा. मी वहीचं कोरं पान उघडलं आणि सांगायला लागलो : ओल्या मातीत खुरांचे ठसे आहेत, ताजे, नदीच्या दिशेनं गेलेले.